पुष्पाबाईच्या चुलीवर न चढलेली डाळ

हे सगळं घडलं ते २०२२ साली. त्या साली श्रावणात वैनगंगा गावागावांत शिरली होती, काठच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, गाळानं भरून गेल्या होत्या, तरीही उंचावरच्या बांध्यांतलं धान बरं आलं होतं. पवनी तालुक्यात तलावाकाठी वसलेल्या एका गावात पुष्पाबाईचं घर होतं. घरात नवरा खुशालराव, मुलगा मनिष, सून तृप्ती आणि चार वर्षांची नात गुड्डी. मनिष पवनीच्या राईस मिलमध्ये कामाला जायचा, शेती खुशालराव आणि पुष्पाबाईच पाहत. पुष्पाबाईनं सदुसष्टी गाठली होती, पण धान कापायला वाकली की तरुण बायांना मागे टाकायची.

गुड्डी आधी जेवताना नखरे करणारी पोर नव्हती. दात यायच्या आधीच ती भाताची पेज मागायची. तलावातली मासोळी शिजली की आजीच्या मांडीवर बसून, काटे काढून दिलेला घास मिटक्या मारत खायची. शेजारची धुरपता म्हणायची, "या पोट्टीले पोसाले एक बांधी अलग ठेवा लागते." पुष्पाबाई लगेच तीट लावायची. तिला अशी बोलणी आवडत नसत.

दिवाळीत तृप्ती गुड्डीला घेऊन माहेरी गेली. माहेर तुमसरच्या पलीकडे, नाकाडोंगरीला. इकडे कापणीची घाई होती, म्हणून पुष्पाबाईनंच सांगितलं होतं, "राह्य बाई निवांत, कापनी मी पाहतो." भाऊबीज होऊन, आणखी थोडे दिवस राहून मायलेकी परत आल्या, आणि तेव्हापासून गुड्डीचं जेवण बिघडलं.

भात दिला तर ती तोंडात धरून बसायची. गालाचा फुगा करून इकडे तिकडे पाहायची आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून अंगणात थुंकून यायची. पोळी हातात धरून कुस्करायची. भाजीचा वास आला तरी नाक दाबायची. मासोळीला तर हातच लावेना.

"काहून वो, का झालं इले?" पुष्पाबाईनं विचारलं.

"का सांगू आई, माह्या आईनं वडे करून करून लाडावून ठेवली. आता तेच पायजे म्हनते." तृप्ती हसून म्हणाली. "आईनं डाळ बी देल्ली संगं. नाई तं हे पोट्टी उपासी राहिली असती."

पुष्पाबाई दिवस उजाडताच बांधीत जायची ती दिवेलागणीला परतायची. आली की गुड्डी ताटलीत वडे घेऊन बसलेली दिसे. सोनेरी तळलेले, मधे खळगा पाडलेले वडे. सकाळी वडे, दुपारी वडे, संध्याकाळी त्याच डाळीचं घट्ट वरण आणि त्यात बुडवलेले वडे. पुष्पाबाईला वाटलं चण्याची डाळ असेल. चार दिवसांचं वेड, जाईल आपोआप. लेकरांचं असंच असतं. मनिष लहानपणी पावसाळाभर नुसत्या गूळ-भातावर राहिला होता, हे तिला आठवत होतं.

धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपली त्या दिवशी ती दुपारीच घरी आली. तृप्ती तलावावर धुणं धुवायला गेली होती. गुड्डी भुकेली होती, म्हणून पुष्पाबाईनं स्वतःच डाळ भिजत घालावी म्हणून डबा उघडला. डाळ पिवळी, तुरीपेक्षा जरा फिकी. तिनं मूठभर सुपात घेतली आणि खडे पाहायला बोटं फिरवली. डाळीत काही न भरडलेले, सालासकटचे दाणे राहिले होते. भुरकट, ठिपक्याठिपक्यांचे, एका बाजूनं कुऱ्हाडीच्या पात्यासारखे तिरपे.

पुष्पाबाईच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

लाखोळी.

तो दाणा ओळखायला तिला चष्मा लागत नव्हता. आंधळी झाली असती तरी बोटांनी ओळखला असता. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिनं लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, चुलीवर चढू दिली नव्हती. सगळ्या गावाच्या बांध्यांत धान उभं असतानाच त्याच्या बुडाशी लाखोळी शिंपत, धान कापलं की ती हिरवीगार वर येई, आणि माघ सरता सरता कापणीला येई. फक्त खुशालरावांच्या बांध्या धान गेल्यावर उघड्या पडलेल्या असत. लोक विचारत. पुष्पाबाई सांगे, "मले तिचा वास सहन होत नाई, डोकं चढते." खुशालराव नव्या बायकोचं मन मोडायचं नाही म्हणून गप्प राहिले, आणि पुढे ती घरची रीतच होऊन गेली. तृप्तीलाही वासाचंच माहीत होतं, म्हणून पोरीच्या हट्टापायी आणलेल्या डाळीचं नाव तिनं घेतलं नसावं.

खरं कारण वासाचं नव्हतं.

पुष्पाबाई दहा-अकरा वर्षांची असताना लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. तलावाच्या तळाला भेगा पडल्या, धानाचे परहे, म्हणजे लावणीची रोपं, जागीच वाळले. तिचं माहेर अड्याळजवळ. त्या साली घरात आलं ते फक्त लाखोळीचं पीक, ती कमी पाण्यावरही तगते म्हणून. तिचा मोठा भाऊ यादोराव तेव्हा मिसरूड फुटलेला, घरातला सगळ्यात ताकदीचा गडी. भरलेलं पोतं एकटा पाठीवर घ्यायचा आणि वर पुष्पाला खांद्यावर बसवायचा. तलावाच्या पाळीवरून तो पळत निघाला की तिला वाटायचं आपण उडून राहिलो. त्या पळण्यासारखं सुख तिला पुढे कशातच मिळालं नाही.

हिवाळा गेला, उन्हाळा अर्धा झाला, आणि एके सकाळी यादोराव खाटेवरून उतरताना पडला. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. मग त्याचे गुडघे ताठले, टाचा जमिनीला टेकेनात, चालताना एक पाय दुसऱ्याला कात्रीसारखा अडकायचा. वैद्य झाले, तेल झालं, भगत झाला. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं, हे लाखोळीनं केलं. आता हे पाय असेच राहतील.

आणि ते तसेच राहिले. आधी एक काठी आली, मग दोन.

घरात दोन मुलींची लग्नं व्हायची होती. "आपोआप पाय गेले म्हटलं तं लोकं रक्तात दोष आहे म्हनतीन," असं म्हणून बापानं सगळ्यांना सांगून टाकलं, पोरगा मोहाच्या झाडावरून पडला. पुष्पाबाई सासरी आली तेव्हा तेच सांगून आली. खुशालरावांना आजवर तेच माहीत होतं. मनिष मामाला विचारायचा, "मामाजी, किती उंचावरून पडले होते?" आणि यादोराव हात वर करून दाखवायचा, दर वेळी आधीपेक्षा थोडं जास्त उंच.

आणि आता ती डाळ तिच्याच घरात, तिच्याच नातीच्या पोटात, रोज तिन्ही वेळा.

तिनं अंगणात पाहिलं. गुड्डी कोंबडीच्या पिलांमागे पळत होती. पुष्पाबाई तिच्या टाचा पाहत राहिली. टेकतात का? टेकत होत्या. आज टेकत होत्या.

तृप्तीला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. मोहाच्या झाडाचं, वासाचं, इतक्या वर्षांचं. आणि पोर रात्रंदिवस खाते ते विषासारखं आहे असं ऐकून तृप्ती काय म्हणेल? माझ्या आईनं विष दिलं म्हणता? पुष्पाबाईच्या मनात भीती अशी शिरली की तिला सरळ विचारच सुचेना. तिनं डब्यातली सगळी डाळ पदरात ओतली, शेताच्या वाटेवरच्या बोडीकडे, छोट्या तळ्याकडे, गेली आणि पाण्यात ओतून दिली. बैलालाही द्यायला मन झालं नाही. किराणा दुकानातून चण्याची डाळ आणून तिनं तोच डबा त्याच खुणेपर्यंत भरून ठेवला.

संध्याकाळी तृप्तीनं वडे तळले. गुड्डीनं पहिला घास तोंडात घातला, चावला, थांबली, आणि ताटलीत परत काढून ठेवला.

"हे नानीचे वडे नाई."

"अवो, तेच आहेत. त्याच डब्यातले."

"नाई. हे खोटे आहेत."

तृप्तीनं आईची शपथ घेतली, कृष्णाची शपथ घेतली. गुड्डीनं मान हलवली ती हलवलीच. पुष्पाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिला वाटलं, दोन दिवस भूक लागली की खाईल. भूक कोणाला सोडत नाही.

भुकेनं गुड्डीला सोडलं नाही, पण गुड्डीही मागे हटली नाही. चहात बुडवलेलं बिस्कुट, कधी एखादा पेरू, कधी तलावाचे उकडलेले शिंगाडे, तेही दोन दाणे. बाकी सगळं थुंकायची. तृप्ती ताट घेऊन तिच्यामागे गल्लीभर फिरायची. मनिष मिलवरून येताना कुरकुऱ्यांची पाकिटं आणायचा. खुशालराव म्हणायचे, "घोडा घोडा खेळू, एक घास घोड्याले, एक तुले." घोडा दमायचा, घास तसाच राहायचा. जेवणाची वेळ झाली की चार मोठी माणसं एका ताटाभोवती बसत आणि चौघांचे आठ डोळे त्या इवल्या तोंडावर. गुड्डी ओठ घट्ट मिटून घ्यायची. हळूहळू ताट नुसतं दिसलं तरी ती पलंगाखाली शिरायला लागली.

धुरपता आली आणि दाराशीच उभी राहिली. "नजर लागली, दुसरं का? इतकी खात होती पोट्टी."

"तुम्हीच तं म्हणत होत्या एक बांधी अलग ठेवा म्हणून," तृप्ती फणकारली.

"म्या कवतिकानं म्हटलं वो माय! माही नजर असती तं माह्या बुढ्याले लागली असती पहिले, तो तं दोन बांध्या खाते."

मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. अंगणवाडीत वजन केलं तर काटा मागे सरकलेला. गुड्डीच्या गालाची हाडं वर आली, केस भुरके दिसू लागले. ती आता कोंबड्यांमागे पळत नव्हती, ओट्यावर बसून त्यांना नुसती पाहायची.

पुष्पाबाईला दोन्हीकडून भीती. डाळ परत आणावी तर पाय, न आणावी तर जीव. भीतीनं तिचंही जेवण तुटलं. रोज सकाळी गुड्डी खाटेवरून उतरायची तेव्हा ती हातातलं काम टाकून उभी राही. उजवा पाय. डावा पाय. टाच. तृप्तीला वाटायचं सासू आपल्यावर पाळत ठेवते.

"आई, तुम्ही असं का पाहून राहता तिच्याकडे? घाबरते ना ते."

"काई नाई वो. असंच."

पौषातली थंडी होती. गुड्डी सकाळी उन्हात बसली होती. तृप्तीनं हाक मारली तशी ती उठली, दोन पावलं चालली, आणि तिचे गुडघे एकदम खाली वाकले. ती बसकण मारून पडली. रडलीही नाही, आपल्या पायांकडे नवल केल्यासारखी पाहत राहिली.

पुष्पाबाईच्या हातून पाण्याची घागर निसटली.

तिच्या डोळ्यांसमोर तो दिवस आला, खाटेवरून उतरताना पडलेला तिचा भाऊ आणि हसणारं घर. तृप्तीनं गुड्डीला उचललं, "कमजोरी आली वो इले," म्हणाली.  पुष्पाबाई मागच्या दारानं गोठ्यात गेली, मोबाईल काढला आणि माहेरी फोन लावला. फोन तिच्या भाच्यानं, हेमराजनं, उचलला. यादोरावनं लग्न केलं नव्हतं, तो धाकट्या भावाच्या या मुलाकडेच राहायचा.

"भाऊले दे," ती म्हणाली.

"कोन, पुष्पी? का म्हनते? जेवली का?"

"भाऊ, एक इचारू?"

"इचार नं."

"तुले पायाचं पहिले… पहिले का झालं होतं?"

 गाईच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली, इकडची की तिकडची कळलं नाही.

"आता इचारून राहिली? पोरी, मी आता वर जाऊन राहिलो अन् तू आता इचारते?"

"सांग नं भाऊ."

"पोटऱ्या भरून येत. मले वाटे दिवसभर राबतो म्हनून. मंग एक दिस उतरलो तं पाय माहे नाईत असे वाटले. पन काहून इचारते?"

तिनं सांगितलं. डाळ, बोडी, चण्याचे वडे, गुड्डीचं पडणं. सांगताना तिला रडू फुटलं. "ते पाय माह्या डोयापुढून जात नाईत भाऊ. गुड्डीचे तसे झाले तं मी का करू?"

"किती दिवस खाल्ली तिनं?"

"कापनीभर."

"अन् संगं काय?"

"संगं दूध, बिस्कुट, एखादा पेरू…"

"अवो बावळे," यादोराव म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ झाला की ती रडायची थांबली. "आपल्या घरी तवा संगं होतं का काई? सकाळी लाखोळीची भाकर, दुपारी लाखोळीच्या घुगऱ्या, रातच्याला लाखोळीचं वरन, अन् त्या वरनात बुडवाले बी लाखोळीचीच भाकर. हिवाळा तेच, उनाळा तेच. तुम्हा पोरींले माय मोहफुलं, बोरं, रानातला शिजवलेला पाला खाऊ घाले. मी कमावता, राबनारा, म्हनून मले पोटभर डाळ. सगळ्यात जास्त मले. मायनं मायेनंच वाढलं होतं ते."

पुष्पाबाईला हे माहीत नव्हतं. दहा वर्षांच्या मुलीला ताटं मोजता येत नाहीत.

"हेमराजच्या पोराच्या बारशाले वडे होते," तो पुढे म्हणाला. "मी चार खाल्ले. चांगले लागतात वो! पाय तं घेतले तिनं, आता आनखी का घेईन?"

"भाऊ!"

"पोट्टीले दवाखान्यात ने. आजच ने. अन् घरी खरं सांग. लपवून चालू नको."

"कसं सांगू? लगनात सांगतलं होतं, झाडावरून पडला म्हनून."

"पुष्पे, आता तुयं लगन मोडते का? खुशालराव तुले आता माहेरी धाडतीन? इकडे जागा नाई, आधीच सांगून ठेवतो."

ती गोठ्यातून बाहेर आली ती सरळ ओसरीत. खुशालराव गुड्डीचे पाय चोळत बसले होते, मनिष मिलला निघायच्या तयारीत होता, तृप्ती दुधात साखर ढवळत होती. पुष्पाबाई उभ्याउभ्याच बोलली. बसली असती तर बोलणं झालं नसतं. झाड नव्हतं, पडणं नव्हतं. लाखोळी होती. डब्यातली डाळ मी बदलली. पोर खोटं बोलत नव्हती, मीच खोटं वाढत होते.

तृप्तीच्या हातातला चमचा थांबला.

"म्हणजे मी इतके दिवस देवाची शपथ घेऊन राहिली पोरीपुढे… अन् ते खरं बोलत होतं?"

"हो."

"मले सांगाचं तं असतं, आई! माह्या पोरीचा घास तुम्ही काढला अन् मीच तिच्या पाठीत धपाटे घातले. तुम्ही तिथंच बसल्या होत्या. पाहून राहिल्या होत्या."

  खुशालराव म्हणाले, "अन् मी पन्नास वर्सं धुरपताच्या घरी चोरून वडे खाऊन राहिलो." कोणी हसलं नाही. मनिषनं ऑटो बोलावला. "बोलनं मंग. आधी पवनीले चला."

पवनीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पुष्पाबाईनं त्यांना आधी पायाचंच सांगितलं, डाळीचं, भावाचं, सगळं, एका श्वासात. डॉक्टरीणबाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. मग त्यांनी गुड्डीला टेबलावर बसवून गुडघ्यावर छोट्या हातोडीनं टकटक केलं, तळव्यावर किल्ली ओढली, पाय वाकवून सोडले. गुड्डीला खाली उतरवून टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. पुष्पाबाई भिंतीला धरून उभी होती. गुड्डी टाचांवर चालली. लटपटत, पण चालली.

"पाय ताठलेले नाहीत आजी. तुमच्या भावाला झालं ते हे नाही."

"नक्की?"

"नक्की. पाय अशक्त आहेत. रक्त कमी दिसतंय. हिच्या पोटात अन्नच नाही."

रक्त काढलं. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार फार, म्हणून तेही तपासलं, आणि तो निकाल येईस्तोवर आणखी एक भीती सगळ्यांच्या मानेवर बसली. निकाल चांगला आला. डॉक्टरीणबाईंनी जंताचं औषध आणि लोहाचं टॉनिक दिलं, आणि समोर बसवून सांगितलं. पोर सध्या ज्या एका गोष्टीला हो म्हणते ती एकदम तोडू नका, तिच्याच आधारानं बाकीचं आणा. लाखोळीवरच कोणाला महिनोन् महिने ठेवायचं नाही, तुमची भीती तेवढ्यापुरती खरी आहे. डाळ नीट भिजवा, ते पाणी फेकून द्या, सुरुवातीला निम्मी चण्याची घाला, मग लाखोळी कमी कमी करत बंद करा. सोबत भात, अंडं, भाजी ताटात ठेवा, पण खा म्हणू नका. आणि सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे पाहणं बंद करा.

"मी पाहत नाही," खुशालराव म्हणाले.

"आबाजी, तुम्ही आत्ताही पाहून राहिले," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

घरी आल्यावर पुष्पाबाई वाटी घेऊन धुरपताच्या दारात गेली.

"लाखोळीची डाळ दे वाटीभर."

धुरपता भाजी निवडत होती. तिनं मान वर केली. "कोन बोलून राहिलं हे? पुष्पाबाई? आज सूर्य कुटून निघाला वो?"

"दे नं. जीव नको खाऊ."

"डोकं चढन तुयं."

"चढू दे."

डाळ आणली. तृप्ती सकाळपासून तिच्याशी बोलली नव्हती. तिनं वाटीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि बाजूला सरकून पाट्याजवळची जागा मोकळी करून दिली. पुष्पाबाईनं डाळ भिजवली, पाणी ओतलं, पुन्हा भिजवली, पुन्हा ओतलं. डाळ फुगून तिचा तो ओला, मातीसारखा वास आला तेव्हा तिनं तोंड फिरवलं. इतकी वर्षं सांगितलेलं खोटं खरंच झालं होतं, वास सहन होईना. तिनं पदर नाकावर घेतला, मग सोडला. चण्याची डाळ मिसळून ती पाट्यावर वाटायला बसली. वरवंटा पुढे जाई आणि तिच्या मनात येई, मायनंही असंच वाटलं असेल. मायनंही मायेनंच.

वडे तळून झाले. भात, वांग्याची भाजी, उकडलेली अंडी, वडे, सगळं मधे ठेवून सगळे जेवायला बसले. गुड्डीला कोणी हाक मारली नाही. पुष्पाबाईनं पहिला वडा उचलला. घास तोंडात धरून ती तशीच बसली, जशी गुड्डी बसायची, आणि तिला कळलं की आपण गाल फुगवून इकडे तिकडे पाहतोय. मग तिनं तो चावला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी गिळला.

पलंगाखालून आवाज आला. "आजी, तू का खाते?"

"वडा."

"खोटा का खरा?"

तृप्तीनं सासूकडे पाहिलं.

"अर्धा खरा," पुष्पाबाई म्हणाली. "अर्धी नानीची डाळ, अर्धी आजीची. तुले सांगून देतो आधीच."

 सगळे आपापल्या ताटात पाहत जेवत होते, मनिष तर इतका वाकून की नाक भाताला लागलं. मग रांगत गुड्डी बाहेर आली, आजीच्या मांडीला टेकून बसली, एक वडा उचलला, दातांच्या टोकानं चावला, थांबली. पुष्पाबाई आपल्या ताटातच पाहत राहिली. कुरकुर चावल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या घासाचा. दुसरा वडा घेताना गुड्डीनं आपल्या हातानं आजीच्या ताटातला भाताचा एक दाणा उचलून, बघून, तोंडात घातला.

पुष्पाबाईनं त्या दिवशी तीन वडे खाल्ले. सकाळी उठल्यावर खाटेवरून उतरायच्या आधी ती बराच वेळ आपले पाय हलवून पाहत बसली.

होळीपर्यंत वड्यांत लाखोळी राहिली नाही. गुड्डीला ते कळलं की नाही कोणी विचारलं नाही. भात आधी आला, मग अंडं, मासोळी सगळ्यात शेवटी. वाटाणे ती अजून वेचून बाजूला ठेवते. आता ती जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे आणि खिचडी वाढणाऱ्या बाईला म्हणते, "मले वरची नको, बुडाची द्या."

यादोराव २०२४ च्या हिवाळ्यात गेला. दोन दिवसांचा ताप, झोपेतच. मयतीला आलेल्या एका म्हाताऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "मोहावरून पडला होता नं हा?" पुष्पाबाईनं त्याला सगळ्यांसमोरच खरं सांगितलं.

खुशालराव आता शेतात कमी जातात. एका बांधीत लाखोळी शिंपू का म्हणून त्यांनी एकदा विचारलं. पुष्पाबाई नाही म्हणाली, आणि तो विषय तिथंच संपला. वडे ते धुरपताकडे खातात, आता सांगून. मनिषनं मिल सोडून स्वतःची मळणी मशीन घेतली.

तृप्तीनं सासूशी बोलायला पाडव्यापर्यंत वेळ घेतला, आणि मग एकदम बोलायला लागली जणू काही झालंच नव्हतं. फक्त किराण्याचे डबे ती आता स्वतः भरते, आणि पुष्पाबाई त्यांना हात लावत नाही.

पुष्पाबाई सत्तरीची झाली. गुड्डी शाळेला निघाली की ती ओट्यावर येऊन उभी राहते. आधी पोरीच्या टाचा पाहते, मग हात हलवते.